मंगळवारचं पहिलं उत्तर

"पाट्या वर!" आगाशेबाईंनी पट्टी टेबलावर आपटली.

प्रश्न अजून आला नव्हता, हा नुसता पाटी उचलायचा सराव होता, तरी सदतीस पाट्या एकदम वर गेल्या. अडतिसावी खालीच होती. तिसऱ्या बाकावरची नम्रता पाटी मांडीवर घेऊन कालच्या सुट्टीत काढलेल्या रेघोट्या बोटाने पुसत होती.

"नम्रता राऊत, आपल्याला वेगळं आमंत्रण द्यायचं का?"

वर्ग हसला. नम्रताने पाटी उचलली.

बाईंना या मुलीचा वैताग आला होता. महिन्याभरापूर्वी यवतमाळहून आली, आणि तेव्हापासून सकाळची दहा मिनिटं नासली. तोंडी गणिताची ही दहा मिनिटं म्हणजे बाईंच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीची कमाई होती. प्रश्न सांगायचा, पाचपर्यंत मोजायचं, पाट्या वर. सहा वारांची सहा पानं त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती आणि वर्षभर तीच घोटून घ्यायची, असा त्यांचा नेम होता. घोटल्याशिवाय गणित अंगात मुरत नाही, असं त्या पालकसभेत ठणकावून सांगत. कर्वेनगरात गल्लोगल्ली अबॅकसचे क्लास निघाले होते, निम्मे पालक मुलांना इंग्रजी शाळेत हलवत होते. अशा दिवसांत तिसरी ब मधल्या मुलांचा वेग बघायला मुख्याध्यापक पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येत. आणि त्या पाहुण्यांसमोर ही कोरी पाटी!

नम्रताला दोन महिने दुसरीत बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. पत्र तयार होतं. सहीसाठी बोलावलेली तिची आई, सोजरबाई, दाराशी उभी होती. नवरा कंपन्यांच्या नव्या इमारतींवर स्लॅबखालच्या फळ्या ठोकायचं, सेंटरिंगचं काम करायचा, म्हणून तीच आली होती.

"तिले येते बाई हिशेब," मघाशी ती म्हणाली होती. "फक्त टाइम लागते."

"वेळ सगळ्यांनाच लागतो हो. पण परीक्षेत घड्याळ थांबत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "दहा मिनिटं थांबा, डोळ्यांनीच बघा."

बाईंनी वही उघडली. काल टाकीत पाणी चढलं नाही म्हणून शाळा सोडून द्यावी लागली होती, आणि सोमवारचं पान बुडालं होतं. बुडलेलं तसंच सोडणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आज तेच पान काढलं.

"सत्तावीस आणि छत्तीस. बेरीज. एक, दोन, तीन, चार, पाच. पाट्या वर!"

सदतीस पाट्यांवर बेचाळीस होतं.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बेचाळीसच. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत, कुणी ठळक, कुणी तिरकं, पण बेचाळीस. मुलं नेहमीच्या खात्रीने शाबासकीची वाट पाहत होती.

"शुभंकर." त्यांचा सगळ्यात तल्लख विद्यार्थी. "हे कसं आलं?"

शुभंकर गोंधळला. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"बाई, मंगळवारचं पहिलं बेचाळीसच असतं."

"कुणी सांगितलं?"

"दादाने. त्याच्या वेळीही तेच होतं." मग बाईंचा चेहरा बघून त्याने घाईने भर घातली, "दुसरं अठरा. तिसरं सत्तर. सगळ्यांना येतं, बाई."

एकोणीस वर्षं त्यांनी जे घोटून घेतलं होतं, ते घोटलं गेलं होतं खरं. मुलांनी त्यात काहीही कसूर ठेवली नव्हती. त्यांना मुलांचा राग येईना, आणि ज्याचा येत होता त्याच्यावर पट्टी आपटता येत नव्हती.

तेवढ्यात नम्रताची पाटी हळूच वर आली. त्रेसष्ट. शेजारी बारीक रेघा होत्या, सहा दहांच्या जुड्या आणि तीन सुट्या.

बाईंनी त्या रेघा एकेक करून मोजल्या. महिनाभर ही मुलगी रोज दहा गणितं खरोखर सोडवत होती, आणि रोज आपण पाचव्या अंकाला तिचा हात मध्येच थांबवत होतो. त्यांना लाज वाटली, एवढ्या पोरांसमोर कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी.

त्यांनी वही मिटली.

"सेहेचाळीस आणि अडतीस," त्या म्हणाल्या.

कुणीच पेन्सिल उचलली नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"बाई," शुभंकरने विचारलं, "हे कुठल्या वारचं?"

"कुठल्याच नाही."

तिसऱ्या बाकावर पेन्सिल करकरली. नम्रता चार रेघा ओढून थांबली, बोटांवर काही मोजलं, एक रेघ पुसली, पुन्हा ओढली. बाईंनी एक म्हटलं नाही, दोन म्हटलं नाही. वर्ग चुळबुळत होता.

दारातून सोजरबाईने आत डोकावलं. तिला बारा वाजेपर्यंत इमारतीवर नवऱ्याचा डबा पोचवायचा होता.

"बाई, ते कागद... सही कुठं करू?"

"थांबा हो जरा," आगाशेबाई म्हणाल्या. "तिचं चाललंय अजून."