चार बोटं सरकून बसलेला जिना

मी अनंतरावांच्या परसबागेतला जिना बोलतोय. जिना म्हटल्यावर माडीबिडी डोळ्यांपुढे आणू नका. चार पायऱ्यांचा जीव मी. खामगावात आमच्या गल्लीत आलात, तर घराला वळसा घालून मागं या. परसाचा मागचा भाग कमरेइतका उंच आहे आणि तिथं अनंतरावांच्या पत्नी चारुलताबाईंची बाग आहे. खालच्या माणसाला त्या बागेत नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. काम साधं आहे, पण मी काही साधा नव्हतो. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या घरातून बाहेर काढण्याच्या बेतात होतो मी. कसं ते सांगतो.

माझ्याआधी इथं दोन डुगडुगते दगड होते. चारुलताबाई झारी घेऊन त्यांवरून चढायच्या. एका सकाळी त्या झारीसकट घसरल्या आणि वांग्याच्या रोपावर बसल्या. वांगं मोडलं, बाई वाचल्या. त्याच आठवड्यात माझा जन्म ठरला.

अनंतराव म्हणजे निवृत्त मास्तर. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेले. बांधणारा देवानंद मिस्त्री हा त्यांचाच जुना विद्यार्थी. शेजारच्या हिंमतरावांच्या घराची भिंत आमच्या परसाला लागून आहे. मला त्या भिंतीला टेकवायचं, म्हणजे एका बाजूचं बांधकामच वाचतं, असं मास्तरांनी ठरवलं.

"सर, भिंतीले खेटून नका बांधू," देवानंद म्हणाला. "चार बोटं जागा सोडू. नाई तं ओल धरीन."

"फट ठेवली की विंचवांचं घर होतं. आणि ओल कशी धरेल? पाणी वरून खाली जातं, देवानंद. मी शिकवलंय तुला."

"शिकवलं सर, पण—"

"मग बांध."

देवानंद शाळेत जसा गप्प बसायचा तसा गप्प बसला आणि त्यानं बांधलं. पूर्णेकाठच्या भट्टीतल्या विटा, पोटात माती आणि विटांचे रोडे, वरून शहाबादी फरशी. बागेची मातीसुद्धा भिंतीपर्यंत दाबून भरली. एसटीत शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून झोपणारा प्रवासी पाहिलाय ना? मी त्या भिंतीवर तसा रेललो होतो.

माझ्या फरश्यांचा कल किंचित भिंतीकडे होता. चारुलताबाई सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी घालायच्या. बागेतलं मातीत मुरायचं, सांडलेलं माझ्यावरून ओघळायचं. थोडं मी प्यायचो, उरलेलं भिंतीला पाजायचो. एकट्यानं पिऊ नये, अशी माझी आपली समजूत.

भिंतीपलीकडे हिंमतरावांच्या आईची, रुखमाबाईंची खोली. वय ऐंशीच्या घरात. संक्रांतीपर्यंत त्यांच्या भिंतीवर भाकरीएवढा ओला डाग उमटला. महिन्याभरात तो परातीएवढा झाला. मग चुन्याचे पोपडे गळू लागले, गोधड्यांना कुबट वास यायला लागला आणि रुखमाबाईंना खोकल्यानं धरलं.

खेटून बसण्याचा एक फायदा असतो. पलीकडचं सगळं ऐकू येतं. हिंमतरावांना वाटलं, न्हाणीघरातला पाइप फुटला असेल. त्यांनी फरशी उखडली, पाइप बदलला. आमचे मास्तर अंगणाच्या कठड्याशी उभं राहून सल्ला देत होते, "अजून खोल खणा, हिंमतराव. गळती खालीच असणार." मी इकडे गालातल्या गालात हसत होतो.

पण एका दुपारी माझं हसू मावळलं.

"माय, डॉक्टर म्हणते या खोलीत राहू नको," हिंमतराव सांगत होते. "दुसरी खोली कुठी आहे आपल्यापाशी? पावसाळ्याच्या आत तू मलकापूरले राजकुमारकडं जाय."

राजकुमार त्यांचा धाकटा भाऊ. तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"तिथं जाऊन मी का करू? मले तिथं कोण ओयखते?" रुखमाबाई म्हणाल्या. मग ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

त्याच सुमारास चारुलताबाई लग्नाला अकोल्याला गेल्या. चार दिवस झाडांना पाणी नाही. रुखमाबाई रोज भिंतीवर तळहात ठेवून बघत होत्या. चौथ्या दिवशी भिंत जरा सुकल्यासारखी लागली. चारुलताबाई परतल्या, त्यांनी भरभरून पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला पुन्हा घाम फुटला. रुखमाबाईंनी हात पदराला पुसला. लेकाला मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

सकाळी त्या आमच्याकडे आल्या त्या काखेत चार गोधड्या घेऊन. माझ्या चारही पायऱ्यांवर एकेक पसरली आणि सगळ्यात वर स्वतः बसल्या.

मास्तरांना बागेत खुर्ची टाकून पेपर वाचायची सवय. ते पेपर घेऊन खालीच थबकले.

"मावशी, हे इथं?"

"खोलीत ओल आहे बापा. तुमचा जिना कसा उन्हात आहे. चांगला बांधला."

दुसऱ्या दिवशी गोधड्यांबरोबर उशा आल्या. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतली लुगडी आणि गेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट. मास्तर एक पाय गोधडीवरून, एक पाय कोटावरून असे बगळ्यासारखे चढायचे. कोणी भेटायला आलं की रुखमाबाईच म्हणायच्या, "मास्तरकडं आले का? बसा. पण कोटावर नका बसू." चारुलताबाई त्यांना चहा आणून द्यायच्या. त्यांना शंका आली होती; कप देताना त्या भिंतीकडे बघायच्या नाहीत. रुखमाबाईंचा तक्रारीचा एक शब्द नाही, खोकला तेवढा अधूनमधून. मास्तरांचा पेपर पाच दिवस पहिल्या पानाच्या पुढं सरकला नाही.

पाचव्या दिवशी रुखमाबाई म्हणाल्या, "मास्तर, एक इचारू? दिव्यात तेल खाली राह्यते, अन् वात वर पेटते. मंग तेल वर कसं चढते?"

शिकवायला मिळालं की मास्तरांचा चेहरा उजळतो. पेपर काखेत मारून ते सुरू झाले. "वातीच्या धाग्यांत बारीक बारीक जागा असतात, मावशी. त्यांतून तेल आपोआप वर ओढलं जातं. याला केशाकर्षण म्हणतात. कापूस, माती, वीट, सगळ्यांत हे..."

आणि ते थांबले.

"विटेतबी?" रुखमाबाईंनी अगदी भोळेपणानं विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. चारुलताबाई वर झारी घेऊन उभ्या होत्या; त्यांनी ती हळूच खाली ठेवली. "अहो, देवानंदला फोन करा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फोन केला, पण आधी चपला घालून ते हिंमतरावांच्या दारात गेले. "पाइप तुमचा नव्हता हिंमतराव. जिना माझा होता."

हिंमतरावांनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं. "सर, म्या न्हाणीघराची सगळी फरशी उखडली."

"माहीत आहे. खोल खणायला मीच सांगितलं होतं."

यावर हिंमतरावांना हसू आलं, आणि त्या हसण्यानं दोन घरं वाचली.

मग देवानंदनं मला फोडलं. दुखलं, खोटं कशाला सांगू. "मी म्हटलं होतं" असं तो एकदाही म्हणाला नाही. फक्त नव्यानं बांधायला दोरी लावताना विचारलं, "सर, चार बोटं कोनाची, तुमची का माही?"

"तुझी. तुझी जाड आहेत."

आता मी माझ्या स्वतःच्या पायावर उभा आहे. माझ्यात आणि भिंतीत चार बोटांची फट आहे. तिच्या तळाशी उताराची छोटी नाली आहे. ती पाणी केळीच्या आळ्यात नेऊन सोडते. फरश्यांचा कल आता भिंतीकडून परसाकडे. बागेची मातीही मागं सरकवून तिला स्वतःचा बांध घातलाय. फटीवर उचलता येणारी लोखंडी जाळी बसवली. हिंमतरावांनी आतला गिलावा खरवडला आणि भिंत उन्हाळाभर उघडीच सुकू दिली.

तरी मलकापूरचं ठरलेलं मोडलं नव्हतं. "पाऊस पडू दे," हिंमतराव म्हणाले होते. "भिंत ओली झाली तं जा लागीन, माय." ट्रंक भरूनच होती.

आषाढात चार दिवस झड लागली. केळीचं आळं तुडुंब भरलं. माझ्या अंगावरून पाणी धो धो गेलं, पण एक थेंब मी पलीकडे जाऊ दिला नाही. पाचव्या सकाळी हिंमतराव आईच्या खोलीत आले. भिंतीवर हात ठेवला, वर, खाली, कोपऱ्यात. मग गाल टेकवला. त्यांनी भरलेली ट्रंक पायानं खाटेखाली ढकलली. तो आवाज मला चार बोटांवरूनही नीट ऐकू आला.

आता माझं बरं चाललंय. गल्लीत कोणी पायऱ्या बांधायला काढल्या की मास्तर त्याला माझ्यापाशी आणतात आणि फट कशी ठेवावी हे अर्धा तास समजावतात, जणू ती त्यांनाच सुचली होती. देवानंद तिथं असला तर चहा पीत ऐकतो. तुम्हीही या, बघा, आणि बांधाल तेव्हा भिंतीपासून जरा सरकून बांधा.

एकच अडचण आहे. कडुलिंबाची पानं जाळीतून फटीत पडतात. महिना झाला, कोणी काढली नाहीत. नाली तुंबली की माझी जुनी खोड परत यायला वेळ लागायचा नाही. मला ओळखता तुम्ही. जाळी दोन बोटांनी उचलली जाते. मास्तरांना सांगू नका, ते त्यावर भाषण देतील. रुखमाबाईंना सांगा. त्या बरोबर करून घेतील.