व्हर्नाच्या चार ओळी

कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर कुणाच्या बटाट्याचा पाला किडका दिसला, तर पाहुण्यांसमोर केर राहिल्यासारखी लाज वाटते. म्हणून रस्त्यालगतच्या व्हर्नाच्या चार ओळी आठ वर्षं सगळ्या गावाच्या डोळ्यांत खुपत होत्या. तिथं ती औषध मारूच देत नसे. पट्टेरी भुंगेरे खुशाल पाला ओरबाडत.

"विष पचवायला भुंगेऱ्याला ताकद लागते, एल्मर," ती नवऱ्याला सांगायची. "पचवणाऱ्यांची अंडी कमी, आणि थंडीतही तेच जास्त मरतात. विष नसलं की साधे भुंगेरे त्यांना मागे टाकतात. आपल्याला साधेच हवेत, औषधाने मरणारे."

"म्हणजे मी आता किडे पाळायचे?"

"मला नाही का पाळलंस?"

बाकीच्या शेतातही नाइलाज झाला तरच फवारणी. एरवी दोघं वाकून हातानं भुंगेरे वेचायचे. दर जुलैत ती आपल्या ओळींतले दहा भुंगेरे, औषधात बुडवलेल्या पानासह, बरणीत ठेवायची. पहिल्या वर्षी सकाळपर्यंत दोन मेले. गेल्या वर्षी नऊ. दुखऱ्या गुडघ्यांनी ती स्वयंपाकघरात नाचली होती.

या जुलैत ती गेली.

दुखवट्याच्या घराने कामाला हात लावायचा नाही, शेजाऱ्यांनी ते उरकायचं, अशी तिथली रीत. एल्मर दफनाहून परतला तेव्हा शेजारचा लॉर्न टोपी हातात घेऊन फाटकाशी उभा होता. स्वतःचं गवत कापायचं टाकून आलेला, चर्चलाही न गेलेला.

"सगळं शेत फवारलं. तिच्या ओळी तर दोनदा. आज इतकी माणसं येणार, कुणी तिला नाव ठेवायला नको."

एल्मरने त्या चार ओळींकडे पाहिलं. पण इतक्या मायेनं केलेल्या कामाला माणूस काय बोलणार?

"फार उपकार झाले, लॉर्न."

चौथ्या दिवशी तो त्या ओळींत उतरला. दहा भुंगेरे सापडेपर्यंत दुपार झाली. त्याने तिचीच बरणी घेतली, औषधात बुडवलेलं पान आत ठेवलं. झाकणावरच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात 'नऊ' लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दहा भुंगेरे जिवंत होते. पानाची नुसती शीर उरली होती. लॉर्नच्या फवारणीत साधे सगळे मेले होते. वाचले होते ते पचवणारे. व्हर्नाला आठ वर्षं लागली होती, आणि एल्मर आता चौऱ्याहत्तरचा होता.

तेवढ्यात लॉर्न बायकोनं दिलेली बिस्किटं घेऊन आत आला. एल्मरनं बरणी किटलीमागे सरकवली.

"काय म्हणतात तिच्या ओळी?"

"स्वच्छ आहेत रे," एल्मर म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

लॉर्न त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. त्याला वाटलं, बिचारा बायकोसाठी रडतोय. तेही खरंच होतं.