हलकेबाबा आणि माझे बारा शेर

झरीच्या पारावरच्या लिंबाला कापूस तोलायचा मोठा काटा टांगला होता. पारड्यात मात्र कापूस नव्हता, मी होतो. नेसूला पंचा, हात जोडलेले आणि पोट मांडीवर ठेवलेलं. भोवती पाच-सात गावची माणसं जमली होती. लढाईचे दिवस होते. निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, घराघरांतली ज्वारी उपसून नेत होती आणि लोकांना करमणूक अशी उरलीच नव्हती. ती उणीव मी भरून काढत होतो.

अमावस्येला मी याच काट्यावर तीन मण भरलो होतो. आज पौर्णिमा. हलकेबाबांनी समोरच्या पारड्यातली वजनं एकेक करून उतरवली, काटा सरळ झाला आणि त्यांनी आरोळी ठोकली, "बारा शेर! व्यंकटरावांच्या अंगातून बारा शेर पिशाच्च उतरलं!"

बायाबापड्यांनी हात जोडले. मी तर जोडूनच बसलो होतो.

हे बाबा कुठले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी बिदरचे म्हणे, कुणी थेट हिमालयातले. अंगानं वाळकं लाकूड. वाळक्या माणसावर लठ्ठ माणसाचा विश्वास चटकन बसतो. त्यांचं बोलणंही झकास होतं. "पेवातली ज्वारी खाता ना? धान्य जमिनीत पुरता. पुरलेल्या वस्तूवर सत्ता कुणाची? भुताची! तेच भूत पोटात बसून माणसाला खाली ओढतं. उसीको वजन बोलते हैं!"

पुरावाही तयार असायचा. नुकतंच उघडलेलं पेव, म्हणजे आमचा जमिनीतला धान्याचा खोल खड्डा, बघून ते त्यात दोरीनं दिवा सोडत. दिवा विझला की ओरडत, "बघा, फुंकर मारली!" पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाऊ द्यावी, दिवा टिकला तरच माणूस उतरवावा, हे आम्ही पोरपणापासून जाणत होतो. तेच आम्ही "अगाई!" म्हणून चार पावलं मागं सरकत होतो.

उपाय सोपा होता. भाकरी, भात, गूळ बंद. दूध, तूप, अंडी, मटण चालेल. सोबत रोज चिमूटभर भस्म. उतरलेल्या प्रत्येक शेरामागं गरिबानं पायलीभर आणि माझ्यासारख्यानं पोतंभर ज्वारी बाबांच्या गाडीत घालायची, कारण भुताचा वाटा भुताला गेला पाहिजे.

आता मी काही अडाणी नव्हे. उर्दूत अर्ज लिहिणारा, तहसिलीत खुर्ची मिळणारा माणूस. पण माझी घोडी मला बघून मान फिरवायची आणि म्हातारी माणसं मला हात देऊन बैलगाडीत चढवायची. लठ्ठ माणसाची अक्कल पोटाखाली दबलेली असते. निदान माझी तरी होती.

बाबांनी गाडीकडं बोट केलं. "बारा शेर, बारा पोती!"

लेव्ही देऊन माझं एक पेव रिकामं झालं होतं. दुसऱ्यात जी ज्वारी होती ती आमच्या सालगड्याची, ग्यानबाची. त्याचं साल ज्वारीवर ठरलेलं. घरातली पाच तोंडं त्याच ज्वारीवर उन्हाळा काढणार होती. ग्यानबा फावडं घेऊन उभा होता. खाली बघत तो म्हणाला, "मालक, पेव उघडू का?"

"अवो, ती ज्वारी त्याची हाय," माझी बायको कमलबाई म्हणाली. "त्याची लेकरं काय भस्म खातील?"

"अगं, चारचौघांत शब्द दिलाय."

"शब्द तुमचा आन् पोट त्याचं व्हय?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात तिचा भाऊ पुढं आला. किशनराव परभणीत डॉक्टर होते आणि त्याच सकाळी बहिणीला भेटायला आले होते.

"दाजी," ते म्हणाले, "अमावस्येला काट्यावर बसलात तव्हा अंगावर काय होतं?"

"ओलेतं," मी ऐटीत सांगितलं. "देवाचं काम. आंघोळ करून तसाच बसलो. धोतर, बंडी, डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी."

"घोंगडीबी ओली?"

"बाबा म्हणाले, शुद्धी अर्धवट नको."

"आन् पोटात?"

"दोन तांबे तीर्थ."

"आन् आज?"

"आज कोरडा पंचा. काल उपास होता. रात्री बाबांनी एरंडेल पाजलं, मग पहाटेपर्यंत..." इथं मात्र मी थांबलो. आपण काय बोलायलोय ते माझ्याच कानांना ऐकू आलं.

"मंग दाजी, अमावस्येला बसलात तसंच आत्ता बसा."

"आज मुहूर्त नाही!" बाबा कडाडले. पण लोकांना फुकटचा दुसरा खेळ हवाच होता. चौघांनी मला विहिरीवर नेऊन घोंगडीसकट भिजवलं. थंडी अशी की दात वाजत होते. वर दोन तांबे पाणी ढोसून मी पारड्यात बसलो, तसं पारडं धपकन खाली गेलं. समोर वजनं चढू लागली. बारातले नऊ शेर जागच्या जागी परत आले.

"पिशाच्च पाण्यातून परत शिरलं!" बाबा ओरडले.

"पोटात न्हाई बाबा, घोंगडीत शिरलंय," कमलबाई म्हणाली. "थांबा, पिळते."

तिनं घोंगडी ओढून घेतली आणि पारावरच पिळली. पाण्याची धार बाबांच्या खडावांपर्यंत गेली. गाव पोट धरधरून हसलं. मी एकटा कुडकुडत होतो.

"पण राहिलेले तीन शेर?" मी बारीक आवाजात विचारलं.

"ते गेले खरे," किशनराव म्हणाले. "भाकरी-भाताचा थोडा साठा अंगात असतो आन् तो पाणी धरून ठिवतो. भाकरी बंद केली की साठा सरतो आन् पाणी लघवीवाटं निघून जातं. पयल्या पंधरवड्यात उतरतं त्यातलं लय करून पाणीच. थोडी चरबीबी गेली आसंल. भाकरीबिगर माणूस नुसतं तूप-मटण खाऊन खाऊन किती खाणार? कमी खाल्लं म्हणून कमी झालात. भस्माचा काय संबंध?"

"मग भाकरी सोडलेलीच बरी की."

"जलमभर सोडून राहताव का? राहिलात तर उतरलेलं टिकंल."

मी कमलबाईकडं बघितलं. ती आधीच हसत होती.

बाबा गर्दीतून कधी सटकले कळलं नाही. गाडी मात्र राहिली. लोकांनी आपापल्या पायल्या मोजून नेल्या, आणि ग्यानबानं फावडं खांद्यावर टाकून घरची वाट धरली. त्याचं पेव झाकलेलंच राहिलं.

एवढं होऊनही मी ईर्षेनं भाकरी सोडलेलीच ठेवली. भूत खोटं असेल, तीन शेर तर खरे होते! मग पौष आला आणि शेतात हुरडा पेटला. गरम कोवळे दाणे, लसणाची चटणी, वर दही. मी म्हटलं, चाखून बघू. हुरडा संपेस्तोवर ते तीन शेर परत आले आणि येताना दोन पाहुणे घेऊन आले. शेवटी किशनरावांचं ऐकलं. तीनऐवजी दोन भाकरी, तूप निम्मं, शेतावर पायी. यात जयजयकार नव्हता. वजन मुंगीच्या पावलानं उतरलं, सगळं उतरलंही नाही, पण उतरलं ते टिकलं. बघायला कुणी आलं नाही.

त्या उन्हाळ्यात ग्यानबाच्या घरी चूल पेटलेली दिसली की मला अजून लाज वाटायची. म्हणून सांगतो, पंधरवड्यात माणूस हलका करणारा कुणीही भेटला, बुवा असो की वैद्य, तर आधी काय घालून तोललं आणि मग काय काढून तोललं ते बघा. वर्षभरानं वजन किती राहील ते विचारा. हात जोडायला जन्म पडलाय. मी विचारलं नव्हतं, आणि माझ्या पोटाचं खूळ दुसऱ्याच्या लेकरांच्या पोटावर येता येता राहिलं.