कुंडपाड्याची वेळ

शिक्षण खात्याच्या साहेबांनो, तुम्ही आमच्या गुरुजींना चोर ठरवलंत. तेही कशाचा, तर वेळेचा. रोज एक तास चोरतात, असं तुमच्या मोबाईलवरच्या हजेरीनं सांगितलं आणि तुम्ही ते धरून बसलात. मोबाईलला विचारलंत, पाड्याला विचारलं नाहीत. सूर्यमाळचा चढ चढून यायला तुमचा एक माणूस तयार नव्हता. नोटीस मात्र बरोबर चढून आली.

आता निभावलंय सगळं, म्हणून निवांत बसून लिहितोय. छातीवरचा धोंडा उतरला. राग उतरलेला नाही, तो मी मुद्दाम ठेवलाय.

सूर्यमाळच्या बाजूला, दरीच्या काठावर आमचा कुंडपाडा. थोडी घरं, एका खोलीची शाळा, एकच गुरुजी. देवानंद त्यांचं नाव. वडील जव्हारला सरकारी कारकून होते, घर तिथलंच, पण हा माणूस आठवडाभर पाड्यातच राहतो. आमची पोरं आधी घरची बोली बोलतात आणि मग मराठी. गुरुजींनी ती बोली शिकून घेतली, म्हणून पोरं त्यांच्याशी तोंड उघडतात. ते गेले तर दुसरा कुणी येणार नाही, हे पाड्यातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. शाळेला कुलूप लागेल. पुढची शाळा दरीच्या पलीकडे, आणि दरी उतरून चढायला पहिलीतलं पोर कोण पाठवणार? तेव्हा ती नोटीस एका माणसाला आली नव्हती, शाळेला आली होती.

आता चोरी कशी झाली ते ऐका.

उन्हाळ्यात शाळा सकाळी सातला भरवायची, असा तुमचा कागद. ऊन वाढायच्या आत पोरं घरी जावीत म्हणून. हेतू चांगला, मी नाही म्हणत नाही. पण शिमगा झाला की आमची विहीर तळाला जाते. मग नाल्यातला झरा. खड्ड्यात पाणी पाझरतं, ते वाटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरेपर्यंत घरात चार भाकऱ्या भाजून होतात. बायांना पुढं कामावर जायचं असतं, म्हणून हंड्यांच्या रांगेत नंबर धरायला पोरं बसतात. सात वाजता पोरं तिथंच. गुरुजी सातला शाळा उघडून रिकाम्या सतरंजीला हजर म्हणायचे.

शाळा समितीची अध्यक्ष गोदाबाई. दोन खाचरं भात, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी, आणि नात प्रगती चौथीत. ती एकदा गुरुजींना म्हणाली, "गुरजी, आठला भरवा ना शाळा."

"मावशी, कागदावर सात आहेत. कागद मला बदलता येत नाही."

"मग काटा बदला. कागदावर सातच ऱ्हातील."

गुरुजी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिकामी सतरंजी बघितली आणि त्यांचं हसू गेलं.

तेव्हापासून हा आमचा रिवाज. शिमग्याच्या पोळ्या पचल्या की शाळेत सगळे जमतात, नारळ फुटतो, आणि भिंतीवरचं घड्याळ एक तास मागं जातं. पाऊस लागला की पुन्हा पुढं. काटा फिरवायचा मान लाडक्याचा. लाडक्या पाड्यातला सगळ्यात म्हातारा, आणि त्याला घड्याळ वाचता येत नाही. म्हणूनच त्याला निवडला. कुणाच्या सोयीनं पाच मिनिटं इकडं-तिकडं करायची त्याला अक्कलच नाही, असं गोदाबाई त्याच्या तोंडावर सांगते आणि तो खूश होतो. मग घरोघरचे मोबाईल. आपोआप वेळ घेण्याचं बटण बंद करायचं आणि हातानं एक तास मागं. अख्खा पाडा एका वेळेवर. सात म्हणजे तुमचे आठ. पोरं पाणी भरून, तोंड धुऊन, शाळेत हजर. गुरुजी तासभर उशिरा उघडायचे आणि तासभर उशिरा बंद करायचे. शिकवण्यातलं एक मिनिट कमी झालं नाही.

हे ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घड्याळाशी खेळता? मी आठवीत शाळा सोडली, पण जव्हारच्या वाचनालयात बसून चार पुस्तकं वाचलीत, त्यातलं सांगतो. सगळ्या देशाला एक वेळ ठरली तेव्हा मुंबईनं ती मानली नाही. मुंबईचा सूर्य एकोणचाळीस मिनिटं मागं चालतो, म्हणून मुंबईचं घड्याळ पण तेवढंच मागं. रेल्वेचं एक आणि शहराचं वेगळं, असं देश स्वतंत्र झाल्यावरही काही वर्षं चाललं. दुसऱ्या महायुद्धात तर साऱ्या देशाचं घड्याळ सरकारनं तासभर पुढं ढकललं होतं. आसामच्या चहामळ्यांत आजही बागेची वेळ चालते, देशाच्या एक तास पुढं. तिथल्या मळेवाल्याला कुणी चोर म्हणत नाही. आमचा सूर्य पण मुंबईसारखाच मागं चालतो. मुंबईनं एकोणचाळीस मिनिटं घेतली, आम्ही तास घेतला. वरची एकवीस मिनिटं झऱ्याची.

मग तुमची मोबाईलवरची हजेरी आली. गुरुजींनी शाळेच्या दारात मोबाईलला तोंड दाखवायचं, मोबाईल वेळ टिपणार. त्या मोबाईलला कुंडपाड्याची वेळ कळेना. रोज उशीर, रोज उशीर. आणि एप्रिलात नोटीस. कारणे दाखवा. समितीच्या अध्यक्षांसह गुरुवारी सकाळी अकराला जव्हारच्या कार्यालयात हजर राहा, अन्यथा एकतर्फी निर्णय घेऊ.

मी पाड्याचाच, पण माझं झेरॉक्सचं दुकान जव्हारला, त्या कार्यालयाच्या समोरच आहे. कागदपत्रं करायला गुरुजी बुधवारी संध्याकाळीच खाली आले. निघताना गोदाबाईला सांगून आले होते, "मावशी, फाट्यावर नवाची जीप धरा. उशीर नको."

गुरुवारी साडेदहाला गुरुजी दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, पण गळ्याशी घामानं भिजलेला. अकरा वाजत आले तरी गोदाबाईचा पत्ता नाही. फोन लावला तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. रस्त्यात रेंज कुठली?

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. "गोकुळभाऊ, घोटाळा झाला."

"काय झालं?"

"मी त्यांना नऊ सांगितले. कोणते नऊ ते सांगितलंच नाही."

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पाड्याचे नऊ म्हणजे जगाचे दहा. नवाची जीप केव्हाच गेलेली. बाई दहाच्या जीपमध्ये निवांत बसली असणार आणि स्वतःला वेळेवर समजत असणार.

आम्ही पळत कार्यालयात. तिथला शिपाई उमेश दारात स्टूल टाकून बसला होता.

"साहेब आले?"

"यायचेत."

"अकराची सुनावणी आहे."

"मला माहितीय. पहिला नंबर तुमचाच." उमेशनं आमच्या मागं बघितलं. "अध्यक्ष कुठाय? साहेब आल्यावर पुकारा होणार, माणूस नसला तर एकतर्फी. मी काय करू शकत नाय, सांगून ठेवतो."

गुरुजी व्हरांड्यातच राहिले. त्यांना पाणी दिलं तर पेला हातातच धरून बसले. साडेअकरा होऊन गेले तरी ना साहेब, ना गोदाबाई, तेव्हा मी डेपोकडं धावलो.

आणि डेपोसमोरच्या हॉटेलात काय बघतो? गोदाबाई आणि तिच्या सोबतीला आलेला लाडक्या समोरासमोर. पुढ्यात उसळीत बुडवलेले वडे. लाडक्यानं तर दुसरी प्लेट मागवलेली.

"गोदाबाई! अहो, काय करताय?"

"ये रं गोकुळ, बस. वडा खा."

"वडा कसला खाताय, तिकडं पुकारा होईल!"

तिनं कंबरेचा मोबाईल काढला आणि मला दाखवला. दहा चाळीस. "अजून वीस मिन्टं हायत. तू नुसता घाबरट."

"बाई, तुमच्या मोबाईलमध्ये पाड्याची वेळ आहे. इथं अकरा चाळीस झाले!"

वडा तिच्या हातातच राहिला. तिनं डेपोच्या घड्याळाकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं, आणि मग लाडक्याकडं असं बघितलं, जणू त्यानंच सगळ्या जव्हारचं घड्याळ फिरवलं.

"माझ्याकडं काय बगतेस?" लाडक्या म्हणाला. "मी एक चक्कर मागं केला. तूच बोल्लीस."

"चल उठ! शाळा जाईल आपली!"

ती बाई पदर खोचून अशी निघाली की मी मागं पडलो. लाडक्या वडा कागदात बांधून घेऊन आमच्या मागं. साऱ्या वाटेत गोदाबाई एकच म्हणत होती, "गेली रं, प्रगतीची शाळा गेली." मला पण तेच वाटत होतं.

कार्यालयाच्या फाटकात शिरलो आणि मागून हॉर्न वाजला. आम्ही बाजूला झालो. गाडी आत आली, दार उघडलं, साहेब उतरले. अकराच्या सुनावणीचे साहेब.

गोदाबाईनं पुन्हा मोबाईल काढला. त्यात अकराला काही मिनिटं कमी होती. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं भय एका क्षणात पुसलं गेलं. ती हात जोडून पुढं झाली आणि व्हरांडाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लय बरं केलंत, सायब! आमच्या शाळेची सुनावनी म्हनून तुमी पन आमचंच घड्याळ लावलंत. गुरजी उगाच घाबरत व्हते."

मी शपथेवर सांगतो, त्यात टोमणा नव्हता. तिला तसंच वाटलं. साहेब अकराला येतो म्हणाले आणि तिच्या घड्याळात अकराला आले. मग दुसरा अर्थ तिनं का लावावा?

व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं ताटकळलेली. आधी एक खोकला, मग एक फुसकन आवाज, आणि मग सगळा व्हरांडा हसला. उमेश स्टूल उचलून आत पळाला. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडं बघितलं आणि हात खिशात घातला.

आत सुनावणी सुरू झाली. मी दारात.

"तुम्ही कोण?"

"समोरचा झेरॉक्सवाला."

"बाहेर थांबा."

थांबलो. दार उघडंच होतं.

साहेबांनी आवाज चढवून बघितला. "शाळेचं घड्याळ मागं करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

गुरुजी बोलायच्या आत गोदाबाई म्हणाली, "गुरजींनी हात नाय लावला. लाडक्यानं फिरवलं."

"कोण लाडक्या?"

"मी," लाडक्या म्हणाला. "पन मला घड्याळ वाचता येत नाय."

"वाचता येत नाही, मग फिरवलं कसं?"

"एक चक्कर, सायब." त्यानं हवेत बोटानं चक्कर काढून दाखवला.

साहेबांना हसू आलं. त्यांनी ते कागदात बघून गिळलं. मग गुरुजी सावकाश बोलले. झरा, रांग, नंबर धरणारी पोरं, सगळं. "साहेब, मी तासभर उशिरा येतो हे खरं. पण तासभर उशिरा जातो, हेही खरं."

"जायची वेळ आम्ही बघत नाही," साहेब म्हणाले. बोलून गेले आणि त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. पंखा फिरत होता. गोदाबाई भाबडेपणानं त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आपल्याच वेळेवर चालणाऱ्या माणसाकडं बघावं तशी.

साहेबांनी पेन काढलं. "ठराव द्या. समितीनं ठराव केला तर उन्हाळ्यात आठला भरवा शाळा. पण घड्याळ सरळ करा. देशाची वेळ आहे ती." आणि कागदावर लिहिलं, खुलासा मान्य.

दोन शब्द. गुरुजी बाहेर आले, पायरीवर बसले आणि हसायलाच लागले. थांबेनात. गोदाबाई घाबरली. "गुरजी, काय झालं? नाय म्हनाले का सायब?"

"हो म्हणाले, मावशी. हो म्हणाले."

"मग हसताय कशाला खुळ्यागत?" असं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला. लाडक्यानं कागदात बांधलेला वडा काढून गुरुजींच्या हातात ठेवला. ते तो थंड वडा असा खात होते, की दोन दिवस पोटात अन्न नाही हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या सकाळी मी पाड्यावर गेलो. समितीनं आठचा ठराव केला. लाडक्या बाकावर चढला आणि एक चक्कर पुढं. नारळ फुटला. शाळा आता देशाच्या आठला भरते, पोरं पाणी भरून येतात, प्रगती पुढच्या ओळीत बसते. मोबाईलवर पण गुरुजी वेळेवर. मी शाळेच्या दारात उभा राहून पाढे ऐकले आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

पण आता माझं ऐका. एका ठरावानं भागत होतं, तर हे नोटिशीच्या आधी कुणी का सांगितलं नाही? कुंडपाड्याचं मिटलं. दरीच्या पलीकडच्या पाड्यांचं काय? तिथं पण झरेच आहेत, तिथं पण सात वाजता सतरंजी रिकामीच आहे, आणि त्यांच्याकडं गोदाबाई नाही. साहेब त्या दिवशी वेळेवर आले असते, तर आमच्या शाळेला आज कुलूप असतं. आमची शाळा तुमच्या उशिरामुळं वाचली, हे तुम्हाला पटतंय का?

आमच्याकडून खुलासा घेतलात. आता तुमचा द्या. सात ही वेळ ठरवली तेव्हा तुमच्यातला कोण, कोणत्या पाड्यावर, कोणत्या झऱ्याशी उभा होता? आणि अकराच्या सुनावणीला बाराला येणाऱ्याची हजेरी कोणता मोबाईल घेतो? उत्तर द्या. लेखी द्या.