कठड्यातला स्तंभ

मित्रांनो, मी एक जुना स्मृतिस्तंभ आहे. बागेच्या मधोमध, कुलूपबंद लोखंडी कठड्यात उभा आहे. गुन्हा मात्र मी काही केलेला नाही.

पुरात जुने गाव वाहून गेले, तेव्हा एका आर्किटेक्टबाईंनी हे नवे गाव आखले. सरळ गल्ल्या, घराघराला ओसरी आणि मध्ये ही बाग. पाथरवटाने काळ्या दगडातून मला घडवले, पुरात गेलेल्यांची नावे माझ्यावर कोरली आणि पायाशी रुंद कट्टा केला. बाई त्याला म्हणाल्या, "अक्षरं खोल कोरा. लोक हात फिरवणार. आणि कुंपण अजिबात नको. माणसं इथे टेकली पाहिजेत."

सगळ्यांत जास्त टेकायची ती गिरणीवाली आत्या. तिचा नावाडी भाऊ लोकांना काठाला लावता लावता स्वतःच बुडाला. त्याचा देहही सापडला नाही. गिरणी बंद करून ती रोज यायची, पीठ लागलेले बोट त्याच्या नावावरून फिरवायची आणि गाऱ्हाणी सांगायची. "पट्टा पुन्हा तुटला बघ. तू असतास तर लोकांच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या."

पुढे गावाला सुंदर रचनेचे बक्षीस मिळाले. पाहुणे येऊ लागले आणि माझ्यावरचे पिठाचे डाग बागेची देखभाल करणाऱ्या गावसमितीच्या डोळ्यांत खुपू लागले. मला घासूनपुसून चकचकीत केले, भोवती कठडा बसवला.

त्या संध्याकाळी आत्या थबकली. समितीचे सचिव तिथेच होते.

"हे काय रे? मी आत कशी जाऊ?"

"आत्या, आता लांबूनच बघायचं. हात लागून दगड खराब होतो."

"अरे, माझा भाऊ आहे तो!"

"नियम सगळ्यांना सारखे."

"लहानपणी तुला नावेत उचलून घेतलं, तेव्हा त्यानं नियम विचारला होता का?"

सचिवांनी मान खाली घातली. मला वाटले, विरघळले. पण त्यांनी किल्ली खिशात टाकली. "एकाला सोडलं की सगळेच येतील, आत्या."

काही दिवस ती गजांतून हात घालून बघायची. हात पोचायचा नाही. मग तिने येणे सोडले, अंथरूण धरले आणि एके दिवशी गेली.

यंदाच्या स्मृतिदिनी सचिवांनी कुलूप काढले, मला हार घातला आणि नावाड्याच्या उपकारांवर भरभरून बोलले. टाळ्या पडल्या. आत्याचे नाव कुणी काढले नाही.

मित्रांनो, स्मारके जपा, असे तुम्हाला शिकवतात. पण आधी ज्यांचे माणूस गेले, त्यांना जपा. आम्ही त्यांच्यासाठी उभे आहोत. माझी निगा उत्तम चालली आहे. रोज पुसतात. जवळ मात्र कुणी बसत नाही.