संकल्पाचा तास

गाण्याच्या बाईंची मुलगी उठून उभी राहिली, तेव्हा मी रंगखडूंचा डबा फिरवत होतो. नववीच्या वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि शनिवारच्या या तासाला एकदाही गायली नव्हती. आईसमोर कोण गाईल, असं म्हणून मीही तिचा नाद सोडला होता.

हा तास आम्हा दोघांचा. मी चित्रकलेचा शिक्षक. शाळेच्या लेखी मी आणि गाण्याच्या बाई म्हणजे गणिताच्या सरांची रजा भरून काढायची सोय. मुख्याध्यापिकांनी आमची मोट बांधून हा ‘संकल्पाचा तास’ काढला. मुलांनी स्वतःशी काय ठरवलंय ते आयत्या वेळी सुचेल तसं गायचं आणि मग तेच कागदावर काढायचं. पाठ केलेलं चालायचं नाही. बाई बाकावर बोटांनी ताल धरायच्या, एक साधा सूर लावून द्यायच्या आणि गप्प बसायच्या. कोणी कितीही बेसूर गायलं तरी चकार शब्द काढायच्या नाहीत. मला आधी हे सगळं थोतांड वाटलं होतं. मग वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाने घोगऱ्या आवाजात ‘मी धाकट्याला मारणार नाही’ असं गायलं आणि उरलेला सबंध तास भावाचा एक कान नीट काढण्यात घालवला. तेव्हापासून माझं तोंड बंद झालं.

मुलीने सूर उचलला. आवाज आईचाच, फक्त धार जास्त. पहिल्या ओळी शाळा, दप्तर, सकाळ अशा गेल्या. मग ती गायली,

‘बाबा ओरडतात, आई नळ सोडते,
शेजारी म्हणतात, पाणी किती वाहतंय.
मी नळ बंद करणार,
मी नळ बंद करणार.’

बाईंची बोटं बाकावर थांबली. मला वाटलं, आता त्या उठतील, पोरीला जवळ घेतील, निदान पुढे गा म्हणतील.

“सूर खाली गेला,” बाई म्हणाल्या. “बस.”

सूर खाली गेला नव्हता. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळतं. मुलगी बसली. मी दिलेला कागद तिने कोराच घडी घालून दप्तरात टाकला. तिच्यानंतर उठलेल्या मुलाने सरळ शाळेचं स्वागतगीत म्हणून टाकलं, आणि त्याला कोणीच अडवलं नाही.

तास सुटल्यावर मी बाईंना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. रागावलो होतो. म्हटलं, आजवर कोणाला टोकलं नाहीत आणि आज पोटच्या पोरीलाच टोकलंत? त्यांनी आधी दार लोटलं. मग खालच्या आवाजात सांगितलं, की वर्गातली दोन मुलं त्यांच्याच इमारतीतली आहेत. गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचली असती, आणि मग पोरीची धडगत नव्हती. सूर चुकला म्हटलं की मुलं सुराबद्दल बोलतात, शब्द विसरून जातात.

“पण तिला काय वाटलं असेल?” मी विचारलं.

“तुम्ही येणार आहात का सर, आमच्याकडे नळ बंद करायला?”

मी चष्मा काढून पुसत बसलो. माझ्यासारखी माणसं अशा वेळी चष्माच पुसतात.

पुढच्या शनिवारी मुख्याध्यापिका तास बघायला आल्या. बाईंनी ताल धरला आणि कोण गाणार म्हणून विचारलं. त्यांची मुलगी आपण होऊन उठली. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की आज तिने काहीही गायलं तरी त्या मध्ये बोलणार नाहीत याची माझी खात्री पटली. मुख्याध्यापिका बसलेल्या असल्या तरीही.

मुलगी गायली, ‘मी रोज अभ्यास करीन, मोठ्यांचं ऐकेन, सगळ्यांशी गोड बोलेन.’ एकही सूर हलला नाही. घरून पाठ करून आली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मग खाली बसून तिने दोन डोंगर काढले आणि त्यांच्या मधोमध हसरा सूर्य.

मुख्याध्यापिका खूश झाल्या. हे चित्र व्हरांड्यात लावा असं मला सांगितलं. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पोरगी अगदी आईवर गेलीय हो.”

“हो,” बाई म्हणाल्या. “माझ्यावरच गेलीय.”

मुलीने ते ऐकलं. मान वर न करता तिने पिवळा खडू उचलला आणि कागद फाटेपर्यंत तो सूर्य गिरवत राहिली.