आडवी गाडी आणि अकरा हरणं

माझ्या सासूबाईंनी एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि शिकवायला मीच हवी असा हट्ट धरला. माझा धंदाच तो. बारा वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच आहे, त्यामुळे कुणाच्याही हाती स्टिअरिंग द्यायला मी कधी घाबरले नाही. पण सासूला चुकलं म्हणून सांगायचं कसं? तोडगा त्यांनीच काढला. गाडीत बसलं की मी बाई आणि त्या विद्यार्थिनी, उतरलं की पुन्हा सासू-सून. तीस वर्षं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या त्या. सगळं भराभर शिकल्या. रिव्हर्स मात्र काही केल्या जमत नव्हता.

सराव आम्ही भल्या सकाळी वसाहतीच्या शेवटच्या रस्त्यावर करायचो. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला जंगल. रस्त्याचं एक टोक पाण्याच्या टाकीशी संपतं, दुसरं मोठ्या रस्त्याला मिळतं, आणि तिथून उजाडल्यापासून ट्रक सुसाट धावत असतात. टाकी जराशी गळते. त्या डबक्यावर हरणं पाणी प्यायला यायची, रानडुकरं बागा उकरून जायची. अर्धी वसाहत या पाहुण्यांवर जीव टाकायची, अर्धी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. शेवटी बोटं मोडणाऱ्यांची सरशी झाली आणि त्या आठवड्यात जंगलाच्या बाजूनं दोन पुरुष उंच जाळी उभी राहिली. टाकीजवळ तेवढं एक फाटक होतं.

त्या मंगळवारी गाडीचं तोंड मोठ्या रस्त्याकडे होतं. सासूबाईंनी रिव्हर्स टाकला, आरशात पाहिलं आणि क्लच दाबूनच बसल्या.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मागे कुणीतरी आहे."

मी वळून पाहिलं. हरणं होती. मोजली तर अकरा. पुढे फांद्यांसारखी शिंगं मिरवणारा नर, मागे माद्या आणि जाळीला नाक लावून पळणारं एक पाडस. ते जाळीवर धडकायचं, मागे फेकलं जायचं, पुन्हा धडकायचं. काय झालं असावं ते लगेच ध्यानात आलं. आदल्या संध्याकाळी जाळी बसवणाऱ्या कामगारांनी फाटक उघडं टाकलं, हरणं पाण्यावर आली आणि नंतर कुणीतरी ते लावून घेतलं. आता एकीकडे भिंती, दुसरीकडे जाळी, आणि मोकळी वाट एकच. ती आमच्या गाडीवरून थेट ट्रकांच्या खाली जात होती.

मी वनखात्याला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला की पोचायला पाऊण तास लागेल, तोवर फाटक उघडता आलं तर उघडा आणि काही झालं तरी हरणांच्या मागे पळू नका. फाटकाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रखवालदाराचा नंबर होता, तो लावला. रखवालदार डोळे चोळतच टाकीमागच्या खोलीतून बाहेर आला, त्यानं फाटक सताड उघडलं आणि स्वतः त्याच्या मधोमध उभा राहून हरणांना हातानं बोलवायला लागला. हरणं आणखीच बिचकली. तिथून बाजूला हो, भिंतीआड जा, हे त्याला फोनवर समजावताना माझ्या तोंडाला फेस आला.

एव्हाना लोक बाहेर येऊ लागले होते. कोपऱ्यावरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. आणि तेवढ्यात टाकीच्या बाजूला कुणाचं तरी दार उघडलं आणि एक भलंमोठं कुत्रं सुटलं.

ते भुंकत निघालं तसा नरानं पाय आपटला आणि अख्खा कळप वळून आमच्या दिशेनं सुटला. त्या खुरांचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना हरीण सहज जाईल एवढी जागा होती, आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"पाय काढ," सासूबाई म्हणाल्या. बाई वगैरे काही नाही, सरळ सासूच्या आवाजात. "गाडी आडवी घालते."

मी पाय काढला. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी मागे घेतली. एरवी दर वेळी बंद पडणारी गाडी लोण्यासारखी वळली आणि मागचा बंपर भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला. पुढचं नाक जाळीपासून जेमतेम हातभर. रस्ता बंद.

कळप गाडीपासून चार हातांवर थबकला. नराच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. त्यानं खिडकीतून सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे. मला भीतीपेक्षा आनंदच जास्त होतोय, हे तिथल्या तिथे कळलं. कळपामागे बेकरीवाल्यानं कुत्र्याला पट्ट्याला धरून एका दारात ओढून नेलं होतं.

सासूबाईंनी खिडकी खाली केली, पण हरणांना हुसकायला ओरडल्या नाहीत. मला हळूच म्हणाल्या की घाबरलेल्या दोनशे मुलांना दारातून काढायचं तर ओरडायचं नसतं, नुसतं नको त्या बाजूला उभं राहायचं असतं. मग त्यांनी इंच इंच मागेपुढे करत गाडीचं तोंड टाकीकडे वळवलं आणि हाफ क्लचवर ती मुंगीच्या पावलांनी पुढे घेतली. जरा इकडे, जरा तिकडे, कुठल्याच बाजूला फट न ठेवता. कळप आधी मागे सरला, मग वळला, मग चालायला लागला. भिंतींवर चढलेले लोक श्वास रोखून पाहत होते. फाटकाशी नर थांबला, त्यानं वास घेतला आणि एका उडीत पलीकडे. पाठोपाठ एक, दोन, पाच, नऊ.

पाडस मात्र फाटक चुकलं. ते टाकीच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभं राहिलं. सासूबाईंनी इंजिन बंद केलं. कुणी हललं नाही. मिनिटभरानं एक मादी झाडीतून परत आली, फाटकात मान घालून बारीकसं काही ओरडली, आणि ते पोर आमच्या चाकांपुढून बाणासारखं सुटलं.

वसाहतीनं टाळ्या वाजवल्या. सासूबाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही.

वनखात्याचा माणूस आला तेव्हा बेकरीवाला त्याला सगळं सांगत होता, आणि नर दर सांगण्यात थोडा थोडा उंच होत होता. त्या माणसानं खुरांचे ठसे पाहिले, जाळी पाहिली आणि ही हरणांची जुनी वाट आहे असं कागदावर लिहून नेलं. तीन आठवड्यांनी टाकीजवळची जाळी निघाली आणि बागांभोवती लागली. त्यासाठी झालेल्या वसाहतीच्या सभेत बोटं मोडणारेसुद्धा हात वर करून बसले होते.

आता संध्याकाळी पाच वाजले की आमच्या गच्च्या भरतात. काल सासूबाईंनी माझा दंड गच्च पकडला आणि डबक्याकडे बोट दाखवलं. बारावं आलं होतं, लटपटत्या पायांचं, जेमतेम मांजराएवढं.